जो घरी असेल त्याने सांगावे

३ सप्टेंबर, रविवार

आलो एकदाचे. ट्रकवाल्याने कपाट जिन्यात तिरपं अडकवलं, नवऱ्याने 'जरा डावीकडे, जरा डावीकडे' करत हमालांना पार भंडावून सोडलं, आणि ठकीने नव्या घराच्या प्रत्येक खोलीत जाऊन एकदा जोरात ओरडून बघितलं. आवाज घुमला की खोली पास. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक खुर्ची नि एक मूल मावेल एवढी बाल्कनी. तिथे सकाळचं ऊन येतं. सामान उतरत होतं तेवढ्यात मी मनातल्या मनात ठकीला तिथे पुढ्यात बसवून तिची वेणी घालूनसुद्धा टाकली.

मागच्या नोकरीत मी तिची वेणी फक्त रविवारी घालायचे. बाकीचे दिवस ती उठायच्या आत मी बाहेर, आणि ती झोपल्यावर मी घरात. सात वर्षांची पोर एकदा मला म्हणाली की तू रविवारची आई आहेस. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिडायचं कुणावर? नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर माझ्यावर. म्हणून ही नोकरी शोधली. सर्वेक्षण कार्यालयातर्फे घरोघरी फिरून माहिती घ्यायची, आणि काम दुपारी संपतं असं त्यांनी लेखी कळवलंय.

संध्याकाळी शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. नवऱ्याने लगेच ठेवणीतला विनोद काढला, की आमच्या हिला कामाचं भारी वेड, आठवड्याचे सात दिवस पुरत नाहीत, आठवा कुठे मिळतो का बघायला इथे आलोय. काकू हसल्या. हा विनोद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे. पूर्वी मीही हसायचे, आता नुसते दात दाखवते. माणूस वाईट नाही, पण चार माणसं दिसली की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

कार्यालय आवडलं. तळमजला, उंच खिडक्या, गोंदाचा वास. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. घट्ट अंबाडा, हलका आवाज, आणि कितीही लवकर गेलं तरी त्या आधीच टेबलाशी बसलेल्या. माझ्यासारखा घरोघर फिरणारा आणखी एकजण आहे, त्याला झटपट म्हणतात. मी एक घर करेपर्यंत तो चार करून येतो आणि वर सगळ्यांसाठी चणे-फुटाणे आणतो. मी त्याला पहिल्याच दिवशी टोमणा मारला, त्याने तो हसत खिशात घातला.

काम सोपं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल दोन प्रश्न. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास काम केलं? आणि किती तास करायला आवडेल? दोन्हींतला फरक म्हणजे तफावत. तीन महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जायचं आणि तेच विचारायचं. भिंतीवर मोठा फलक आहे. पहिल्या फेरीत तफावत डोंगराएवढी, दुसऱ्या फेरीत शून्य. प्रत्येक वस्तीत, दर वेळी, शून्य. मी विचारलं की हे कसं काय जमलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या की विचारलं की जमतं.

ऐकून बरं वाटलं. खरंच, मला आजवर कुणी विचारलेलंच नाही. सगळ्यांनी सांगितलं. माझं उत्तर मात्र तयार आहे: तीस. तीस तास काम, आणि उरलेल्या वेळात सकाळी वेणी, संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभं राहणं, आणि बाल्कनीत काहीही न करणं.

९ सप्टेंबर, शनिवार

पहिला आठवडा संपला आणि माझं पित्त खवळलंय. दारावर टकटक केली की दार कोण उघडतं? ज्याला काम नाही तो. जी बाई दोन नोकऱ्या करते ती घरी कशी सापडेल? ज्याला मोजायचं तोच नेमका नसतो, आणि तो का नसतो हेच तर मोजायचंय. मग कार्यालयाने काय शक्कल काढली? दाराशीच पाटी रंगवून ठेवली आहे: जो घरी असेल त्याने सांगावे. सगळ्यांच्या वतीने. फॉर्मच्या कडेला फक्त एक बारीक खूण करायची, स्वतः सांगितलं की दुसऱ्याने.

आज एका घरी आजोबांनी सुनेचे तास सांगितले. प्रत्यक्ष किती हे माहीत नाही म्हणाले, संध्याकाळी येते खरी. किती आवडेल विचारल्यावर मात्र एका दमात म्हणाले की अजून दहा तास आरामात करेल, धडधाकट आहे. दुसऱ्या घरी एका भावाने बहिणीचं उत्तर क्रिकेटवरून नजर न हटवता दिलं. मी दोन्हीकडे सांगितलं की मी पुन्हा येते, त्या असतील तेव्हा. मोठ्या बाईंनी बोलावून समजावलं की असं करून चालायचं नाही, आधीच मागे आहोत. झटपटच्या नव्वद टक्के फॉर्मांवर 'दुसऱ्याने'ची खूण आहे. त्याला जरा झापलं तर म्हणाला की ताई, घरचं माणूस काय खोटं सांगेल होय.

पण घरी दुपारी पोचले. ठकीला शाळेतून आणलं. तिने वाटभर माझा हात सोडला नाही, त्यामुळे राग निम्म्याने उतरला.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा दुसऱ्या फेरीचं घर केलं. एकट्या राहणाऱ्या बेकरीवालीचं. तीन महिन्यांपूर्वी तिने स्वतः उत्तर दिलेलं होतं: करते ऐंशी, आवडेल पस्तीस. आज विचारलं तर प्रत्यक्ष पस्तीस.

भट्टी दुपारी बंद झाली होती आणि बाई मागच्या पायरीवर पाय पाण्याच्या टबात सोडून गाणं म्हणत होती. भसाड्या आवाजात, पण काय रंगून. तिने सांगितलं की तुमचा माणूस विचारून गेला, त्यानंतरच्या सोमवारपासून हे असं झालं. दुपार झाली की हात आपोआप थांबतात, गिऱ्हाईकही त्याआधीच येऊन जातं, आणि कशाची ददात नाही. गाण्यासाठीच तास हवे होते म्हणाली. आईने शिकवलेली गाणी विसरत चालली होती.

मी तिच्या पायरीवर बसले आणि चक्क माझे डोळे भरून आले. हे खरं आहे तर. जे सांगाल ते होतं. आपलं घर यादीत कधी येईल, असं मी परतल्यावर मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की मागणी केली तर येऊ शकतं. मी तिथेच मागणी केली.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज जे पाहिलं ते लिहून टाकते. राग आहे की दुसरं काही, कळत नाही.

दुसऱ्या फेरीतलं शिंपिणीचं घर. सासू, मुलगा आणि सून. मागच्या वेळी झटपट गेला होता, आणि सुनेबद्दल सासूने सांगितलं होतं. प्रत्यक्ष पंचावन्न. आवडतील किती, तर एकशे अडुसष्ट. मला वाटलं लिहिताना चुकला असेल. आठवड्यात तेवढेच तास असतात. जेवणाचे, झोपेचे, सगळे धरून.

दारातूनच मशीनचा आवाज येत होता. सासूबाईंनी अगत्याने आत बसवलं. सून खिडकीपाशी मशीनवर. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्या तपकिरी झालेल्या. तिच्यापुढचं कापड संपलं तरी तिचे पाय थांबले नाहीत. सुई रिकाम्या पट्टीवर खटखट चालूच. सासूबाईंनी उठून कौतुकाने नवं कापड सरकवलं, आणि दुसऱ्या हाताने वाटीतला घास तिच्या तोंडात घातला. गिळताना तिची मान जरासुद्धा वळली नाही. डोळे उघडे होते, कोरडे, आणि कडेने लाल.

ती झोपते कधी, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या की आता लागतच नाही झोप, कसली गुणाची पोर आहे. तुमच्या त्या माणसाने विचारलं होतं तिला किती काम आवडेल. मी म्हटलं चोवीस तास मशीनवर बसवा, हूं की चूं करायची नाही. तिला दुसरं येतं काय?

मी सुनेसमोर जाऊन उभी राहिले आणि तिलाच विचारलं, तुम्हाला किती तास आवडतील? तिचे ओठ हलले. आवाज फुटायच्या आत सासूबाईंनीच उत्तर दिलं. मी म्हटलं तुम्ही गप्प बसा, मी हिला विचारतेय. त्या पाणी आणायचं निमित्त करून आत गेल्या तरी सुनेच्या तोंडून शब्द आला नाही. बोलायला वेळ लागतो. तिच्याकडे वेळ कुठे होता?

१९ सप्टेंबर, मंगळवार

कार्यालयात तोंड सुटलं माझं. झटपटला सगळ्यांदेखत विचारलं की जिवंत बाईचे सगळे तास एका ओळीत लिहून टाकताना लाज वाटली नाही का? तो खरोखर गोंधळला. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग फुटाण्याची पुडी माझ्यापुढे सरकवली. ती मी भिरकावली.

मोठ्या बाईंनी फलकाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाल्या की त्या घराची तफावत शून्य आहे. घरात कुणाचीही तक्रार नाही. कुणाचीही म्हणजे जे बोलू शकतात त्यांची, असं मी म्हटलं. यावर त्यांनी फक्त नियम सांगितला. दुसऱ्या फेरीत उत्तर बदलता येतं. बदललेलं पुढच्या सोमवारपासून लागू.

२१ सप्टेंबर, गुरुवार

शिंपिणीकडे पुन्हा गेले. सासूने दार अर्धंच उघडलं. मी तिला बाजूला सारून आत गेले, पुन्हा विचारलं, पुन्हा फक्त ओठ हलले. तिच्या बोटाच्या चिंधीतून कापडावर डाग पडत होता आणि सासूबाई म्हणत होत्या की गडद रंगाचं कापड घेतलं पाहिजे.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच पेन काढून एकशे अडुसष्ट खोडलं आणि चाळीस लिहिलं. कुणाला विचारलं नाही. कुणीतरी हे करायलाच हवं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज दुपारी हौसेने बघायला गेले. मशीन बंद होतं. एवढी शांतता होती की मी जिन्यातच हसले.

सून खुर्चीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. हात मांडीवर उताणे. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, समोर वाकले. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. सासू पाणी पाजत होती, ते हनुवटीवरून ओघळत होतं. या वेळी सासू रडत होती. सांगत होती की कालपासून सकाळी नीट शिवते, दुपार झाली की हातातलं टाकते आणि ही अशी बसते. मशीनवर असताना निदान घास तरी गिळायची. तुम्ही काय केलंत हिचं, असं तिने मला विचारलं.

मी काय केलं? मी तिला तास दिले. मग ती त्या तासांत का नाही?

तशीच कार्यालयात गेले. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुम्ही तिचं काम कमी केलंत, पण सुटलेल्या वेळात तिला काय हवं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं का? बेकरीवालीला गाणं हवं होतं, ते तिला ठाऊक होतं, तिनेच सांगितलं. दुसऱ्याने सांगितलेला रिकामा वेळ रिकामाच राहतो. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू फाइल कुठे ठेवायची ते सांगताहेत.

म्हणजे या बाईला सगळं माहीत आहे. मी ओरडले. विचारलं की माहीत असून ती पाटी का ठेवलीत? त्या हातातला फॉर्म तपासत राहिल्या. तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या चपलांकडे गेलं. बायकांच्या, चांगल्या, आणि त्यांवर धुळीचा जाड थर. टेबलाखाली बाईंचे पाय अनवाणी होते.

तुमचं कुणी सांगितलं, असं मी विचारलं. दिराने, म्हणाल्या. वहिनींना ऑफिस म्हणजेच घर, असं तो म्हणायचा. प्रेमानेच म्हणायचा. मग मी विचारलं की तुम्हाला स्वतःला किती हवे होते? त्यांचं पेन पहिल्यांदा थांबलं. बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं. मग पेन पुन्हा चालू लागलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आमचं घर यादीत आलं. मीच मागितलं होतं. स्वतःचं घर स्वतः करता येत नाही, त्यामुळे झटपट येणार.

नोकरी सोडून पळून जावं असं दोन दिवस वाटतंय. पण खरं सांगायचं तर पळवत नाही. बेकरीवाली डोळ्यांसमोरून जात नाही. फक्त मी घरी असायला हवं आणि माझ्या तोंडाने तीस म्हणायला हवं, की संपलं. ठकीची रोजची सकाळ माझी. मला ते हवंय, इतकं हवंय की दात दुखतात. झटपटला हात जोडून सांगितलं की शनिवारी ये, मी घरी असेन. तो हो म्हणाला.

नवऱ्याला सगळं सांगितलं, शिंपिणीसकट. तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. मी म्हटलं, माझ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ना तीस, ना चाळीस, काहीच नाही. ती घरी नाही, तिलाच विचारा, बस. ठकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली. शपथ घेताना तरी चेष्टा करू नकोस असं सांगावं लागलं. आमचं जोरात भांडण झालं. आजवर याच्या विनोदाने मी किती वेळा माझ्याच घरात परकी झालेय हे पहिल्यांदा त्याला सुनावलं. तो म्हणाला की मला वाटायचं तुला आवडतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

मला मुद्दाम लांबच्या वस्तीत पाठवलं. परत आले तर स्वयंपाकघरात दोन कप. एकात फुटाण्याची सालं.

नवऱ्याने मी चप्पल काढायच्या आत सांगितलं की तो येऊन गेला, उद्या त्याला दुसरीकडे जायचं आहे. पण तू म्हणालीस तस्संच केलं. तुझा प्रश्न आला तेव्हा म्हटलं तिलाच विचारा. मी उत्तर दिलंच नाही. वाटल्यास ठकीला विचार.

मग चहावर काय बोललात, हे मी विचारलं.

काही नाही, इकडचं तिकडचं. आपलं नेहमीचं. आमच्या हिला आठवड्याचे सात दिवससुद्धा पुरत नाहीत म्हटलं. गंमत गं. तो हसला. फॉर्म तर तेव्हा त्याने मिटलाही होता.

मी त्याच्या अंगावर कप फेकला. लागला नाही. लागायला हवा होता.

३० सप्टेंबर, शनिवार

कार्यालय उघडताच गेले. उघडताच काय, ते बंद कधी होतं. माझा फॉर्म बाईंच्या पुढ्यात. एकशे अडुसष्ट. कडेला खूण, 'दुसऱ्याने'.

मी म्हटलं मी इथे उभी आहे, मला विचारा. तीस. लिहा तीस. बाई म्हणाल्या की उत्तर घरीच घ्यावं लागतं, आणि फेरी झाली. पुढच्या फेरीत तुम्ही स्वतः बदलू शकता. तीन महिन्यांनी. त्या वेळी घरी असा.

झटपटला कोपऱ्यात गाठलं, गचांडी धरली. तो रडकुंडीला आला. ताई, मला वाटलं भाऊजींनी सांगितलंच. मी म्हटलं, पुढच्या वेळी तूच ये आणि मलाच विचार. तो म्हणाला, येईन की. पण तुम्ही घरी कशा असाल?

१ ऑक्टोबर, रविवार

ठकीची वेणी घातली. सोडली. पुन्हा घातली. तिने विचारलं की आज किती वेळा घालणार आहेस. तिच्या केसांना सूर्यफुलाच्या तेलाचा वास येतो, बापाने घरातलं तेच लावलं असणार. मला हसू आलं आणि मग थांबेना.

नवऱ्याला सांगितलंय, उद्या मला कोंडून ठेव. किल्ली लपव. मी काहीही म्हटलं तरी देऊ नकोस. तो हो म्हणाला. आता विनोद करत नाही. आता कर ना, मेल्या.

सोमवार

त्याने कोंडलं. खरंच कोंडलं. उपयोग नाही — मी ताटाखालचा कागद घेतला आणि रेघा मारल्या. नवऱ्याला विचारलं, गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास. ठकीला विचारलं. भिंतीवर टकटक करून काकूंना विचारलं. पुन्हा नवऱ्याला. थांबायचं आहे, थांबता येत नाही, तोंड माझं नाही. ठकीला आधी खेळ वाटला. मग ती कानांवर हात ठेवून न्हाणीघरात जाऊन बसली आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून विचारत राहिले.

शेवटी त्यानेच दार उघडलं. मला सहन होत नाही म्हणाला. त्याला सहन होत नाही.

मंगळवार असावा

रोजनिशी हातात घेता येत नाही. बोटं वळत नाहीत. पण फॉर्मच्या मागे शेऱ्याचा रकाना आहे. शेरा लिहिणं हे काम आहे. म्हणून कालचं आणि आजचं इथे लिहिता येतंय. हे त्यांना सुचलं नाही —

मोठ्या बाईही इथेच लिहीत असतील का? कुणाला? जुने फॉर्म काढून बघायला हवे — बघणं कामात बसत नाही.

घर झालं. पुढचं घर. झोप नाही. पाय सुजलेत, चालतात.

शेरा

शिंपिणीच्या घरावरून गेले. आत शांत. मी तिला केलं तेच — मी विचारलं नव्हतं. ओठ हलले होते. थांबायला हवं होतं. दिवसभर थांबले असते तर एक आकडा तरी —

ठकी कुठे असेल आत्ता. फाटकाशी कोण जातं —

ठकीला सांगावं का, तीन महिन्यांनी दारावर कुणी आलं तर तीस म्हण? नको. तिने सांगितलं तर मी घरी येईन आणि भिंतीकडे बघत बसेन. तिच्यासमोर. रोज. नको. तिने काहीही म्हणू नये. त्यानेही. कुणीही प्रेमाने काहीही —

शेरा

आज आमच्या इमारतीत आले. काम म्हणून. तिसरा मजला. मी दार ओळखलं. ते माझ्या यादीत नव्हतं, तरी हाताने टकटक केली.

ठकीने उघडलं. केस मोकळे, गुंता झालेला. तिने आई म्हटलं. मी विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, मी. मी विचारलं, आई घरी असते का? तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणाली. मी ते लिहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलं — आई घरी नसते.

तिने माझी ओढणी धरली होती. पुढच्या घरापर्यंत. मग सुटली.

शेरा

मला विचारा. कुणीही. मी जिन्यात आहे, मी रस्त्यात आहे, मी तुमच्या दाराशी उभी आहे, मी विचारते तेव्हा मला उलट विचारा. मी सांगेन. माझ्या तोंडाने. उत्तर कधीचं तयार आहे, विसरायच्या आत —

तीस.

बाकीच्या वेळात मला ठकीची वे